ठिबकाच्या कंट्रोलरसाठी भाषा: प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, पुणे

निफाडला मामाच्या द्राक्षबागेत ठिबकाचा कंट्रोलर बसवायचा आहे. ऑक्टोबर छाटणीच्या आत तो चालू व्हायला हवा. बॉक्स, केबल, बॅटरी, व्हॉल्व्ह यांचा हिशोब वेगळ्या वहीत. ही वही एकाच प्रश्नाची: प्रोग्रॅम कशात लिहायचा?

काम असं आहे. चार प्लॉट, प्रत्येकाला एक लॅचिंग सोलेनॉइड व्हॉल्व्ह. तो उघडायला क्षणभर सुलट करंट द्यायचा, बंद करायला उलट. मधल्या काळात त्याला वीज लागत नाही. मुख्य लाइनवर रीड स्विचवालं (चुंबक जवळ आला की मिटणारा स्विच) वॉटर मीटर, दहा लिटरला एक पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका. खताच्या बारीक लाइनवर चुंबक ओळखणाऱ्या हॉल सेन्सरचा फ्लो मीटर. मातीच्या ओलाव्याचे सेन्सर आरएस-४८५ या जोडवायरच्या लाइनवर, मॉडबस नावाच्या ठरलेल्या नियमांनी बोलणारे. थ्री फेज लाईट आहे की नाही हे कळायला एक इनपुट. बॅटरी बारा व्होल्टची, वर छोटं सोलर पॅनल. इंटरनेट नाही.

भाषांच्या भांडणात पडण्याआधी प्रत्येक कामाला घाई किती, ते लिहून काढलं. मुख्य लाइनमधून ताशी वीस हजार लिटर गेले तरी १.८ सेकंदाला एक पल्स, म्हणजे निवांत. खताच्या मीटरला लिटरमागे ४५० पल्स. मिनिटाला वीस लिटर धरले तर सेकंदाला १५०. मातीचे सेन्सर अर्ध्या तासाने एकदा विचारायचे, पण विचारताना आरएस-४८५ चं वेळापत्रक मिलिसेकंदांत पाळायचं. व्हॉल्व्हची पल्स ८० मिलिसेकंद. पाच-दहा इकडेतिकडे झाल्या तरी चालेल. मात्र ती संपलीच नाही तर कॉइल तापेल आणि बॅटरी बसेल.

वेग असा कुठेच लागत नाही. वेळेवर थांबणं एका ठिकाणी लागतं.

आणि एक अट कुठल्याच डेटाशीटमध्ये नाही. मी दोनशेहून जास्त किलोमीटर लांब. मामेभाऊ तिथे आहे, पॉलिटेक्निकला जातो. पाण्याच्या पाळ्या बदलायच्या, पाचवा प्लॉट जोडायचा, सेन्सर बदलायचा, हे सगळं त्याला त्याच्या जुन्या लॅपटॉपवरून करता आलं पाहिजे.

७ जून

उमेदवारांची चाळणी.

असेंब्ली, म्हणजे चिपच्या सूचना एकेक करून लिहायची भाषा. मामेभावाला ८०५१ अभ्यासाला आहे. इंटेलची १९८० सालची चिप: ४ केबी रॉम, १२८ बाइट रॅम. क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झचाच का, हा प्रश्न तोंडी परीक्षेत ठरलेला. बाराने भागा, बत्तीसने भागा, तीनने भागा: बरोबर ९६००, सिरियलचा बॉड रेट (सेकंदाला किती बिट जातात तो वेग), शिल्लक शून्य. मला हा हिशोब अजूनही देखणा वाटतो. पण चार व्हॉल्व्हच्या पाळ्या आणि मॉडबस असेंब्लीत लिहिले तर दोन वर्षांनी ते माझं मलाही उलगडणार नाही. बाद.

फोर्थ. चार्ल्स मूरने १९७० च्या सुमारास घडवलेली. चिपशी थेट टायपून बोलायची सोय तिच्यात पायथनच्या कितीतरी आधीपासून. मेक्रिस्प नावाचं फोर्थ एसटीएम३२ जातीच्या चिपवर चालतं, आणि इवल्याशा जागेत मावतं. एकटीसाठी काही करायचं असतं तर हेच घेतलं असतं. पण आधी आकडे आणि मग क्रिया ही उलटी मांडणी मी शेजारी नसताना मामेभावाच्या गळी उतरणार नाही.

टायनीगो, लुआ, एस्प्रुइनोची जावास्क्रिप्ट: तिन्ही चालतील. पण आमच्या दोघांपैकी एकालाही त्यातली एकही येत नाही. पुढे.

उरल्या चार: साधी सी, आर्डुइनो बोर्डांची सी++, रस्ट आणि छोट्या चिपवर चालणारं मायक्रोपायथन.

१४ जून

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीतून आर्डुइनोचा उनो बोर्ड आणला. गर्दी होती, पार्किंग नव्हतं, नेहमीचंच.

उनोवर एटमेगा३२८पी: १६ मेगाहर्ट्झ, ३२ केबी फ्लॅश, २ केबी रॅम. एलईडीची उघडझाप करणारा नमुना प्रोग्रॅम ९२४ बाइटचा, ९ बाइट रॅम. एवढ्या चणीच्या चिपवर सी++ चालवणं ही आर्डुइनोची खरी करामत. कुठल्याही सेन्सरची लायब्ररी तयार मिळते, आणि गावातल्या पोरालाही यूट्यूबवर मराठीत धडे सापडतात. हे फायदे मी कमी लेखत नाही.

बघायचं होतं ते वेगळं: नवख्या हाताने प्रोग्रॅम बदलला तर तो कुठे फसेल? मुद्दाम तशाच जागा तपासल्या.

पहिली. एक मिनिट म्हणजे साठ गुणिले हजार मिलिसेकंद, असं कुणीही लिहील. या चिपवर ‘इंट’, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, सोळा बिटांचा, ३२७६७ च्या पुढे जात नाही. उत्तर साठ हजार येत नाही, उणे ५५३६ येतं. आयडीईत, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, वॉर्निंग मुळातच बंद असतात, त्यामुळे प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर गप्प. हीच ओळ ईएसपी३२ या दुसऱ्या चिपवर बरोबर चालते, कारण तिथे ‘इंट’ बत्तीस बिटांचा.

दुसरी जास्त वाईट आहे. पल्स मोजणारा आकडा इंटरप्टमध्ये (पल्स येताच बाकी काम थांबवून चालणाऱ्या तुकड्यात) वाढतो आणि मुख्य प्रोग्रॅममध्ये वाचला जातो. चिप आठ बिटांची, म्हणजे सोळा बिटांचा आकडाही ती दोन घासांत वाचते. आकडा २५५ असताना खालचा बाइट वाचून झाला, तेवढ्यात पल्स आली, आकडा २५६ झाला, मग वरचा बाइट वाचला: हातात येतं ५११. पाणी गेलं नाही, हिशोबात मात्र दुप्पट दिसतं. आकडा दरवेळी मेमरीतून नव्याने वाच, असं सांगणारा ‘व्होलाटाइल’ शब्द लिहून हे टळत नाही. वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद ठेवावे लागतात. दिवसचे दिवस काही होणार नाही, मग एका रात्री होईल, आणि कुणालाही वाटेल की मीटर खराब आहे.

तिसरी सगळ्यांना माहीत असलेली: मिलिसेकंदांचा काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. वजाबाकी करून वेळ मोजली तर काही बिघडत नाही, ‘अमुक वेळेच्या पुढे’ अशी तुलना केली तर बिघडतं. छाटणीपासून काढणीपर्यंतच्या हंगामात हा फेरा दोनदा तरी येणार.

तिन्हींवर उतारे आहेत, आणि मला ते पाठ आहेत. मला पाठ असून उपयोग काय, हाच प्रश्न आहे.

२२ जून

वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करणारा एक मित्र घरी आला. पिंपरी-चिंचवड आणि हिंजवडीच्या पट्ट्यात असे पुष्कळ. त्याच्या मते प्रश्नच चुकीचा: “मायक्रोकंट्रोलर म्हणजे सी. विषय संपला.”

त्याची बाजू हलकी नाही. डेनिस रिचीने १९७२ च्या आसपास बेल लॅबमध्ये घडवलेली ही भाषा, आणि आज कुठल्याही चिपचा कारखाना पहिला कंपायलर देतो तो सीचाच. रजिस्टरांची, म्हणजे चिपमधल्या कप्प्यांची नावं, उदाहरणं, चिपमधल्या दोषांवरचे उपाय सगळं सीमध्ये असतं. रॅम कुठे किती गेली ते मॅप फाइल उघडून बाइट-बाइट मोजता येतं. दहा वर्षांपूर्वीचा सी प्रोग्रॅम आज कंपाइल होतो, हे बाकी कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मी विचारलं, मग तुमच्याकडे मिस्राचे नियम कशाला? तो हसला. वाहनांसाठी सी कशी वापरावी याची ही नियमावली १९९८ साली ब्रिटनच्या मोटार उद्योगातून निघाली, आणि तिचा बराचसा भाग भाषेने दिलेली मोकळीक काढून घेण्यात खर्च होतो. त्याच्या कंपनीत नियम तपासणारं सॉफ्टवेअर आहे, दुसऱ्याचा कोड वाचणारी माणसं आहेत, चाचण्यांचा वेगळा विभाग आहे. सी सुरक्षित होते ती या सगळ्या लवाजम्यासकट. निफाडच्या मोटारघरात लवाजमा म्हणजे मामेभाऊ आणि एक टेस्टर.

२९ जून

रस्ट. दोन शनिवार-रविवार त्यात गेले आणि मजा आली, हे आधी लिहून ठेवते.

रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डावर केलं. त्यातली आरपी२०४० चिप जानेवारी २०२१ ची: दोन कॉर्टेक्स-एम०+ कोअर, २६४ केबी रॅम, बोर्डावर २ एमबी फ्लॅश. १४ तारखेची दुसरी जागा इथे मुद्दाम करून पाहिली: इंटरप्टमध्ये वाढणारा आकडा बाहेर तसाच वाचायचा. रस्टने प्रोग्रॅम बनवूच दिला नाही. तो आकडा एकतर अणुवत, म्हणजे एकाच घासात, वाचा-लिहा अशा प्रकारात ठेवा, नाहीतर कुलपात. तसंच पिनांचं. एक पिन व्हॉल्व्हला देऊन झाली की तीच दुसरीकडे वापरता येत नाही. ती आउटपुट केली आहे हे तिच्या प्रकारातच लिहिलेलं असतं. सीमध्ये जे शिस्तीवर सोडलेलं आहे ते इथे कंपायलर करून घेतो, आणि चालताना त्याचा जवळजवळ काही भार नाही. वापरून झालेल्या मेमरीचा कचरा गोळा करणारं कुणी पार्श्वभूमीला नाही. जानेवारी २०२४ मध्ये एम्बेडेड-हॅल या चिप आणि लायब्ऱ्यांमधल्या सामाईक दुव्याची १.० आवृत्ती आल्यापासून सेन्सरच्या लायब्ऱ्या एका चिपवरून दुसऱ्या चिपवर नेणंही सुसह्य झालंय. एम्बसी ही रस्टची तयार चौकट वापरून चार प्लॉटच्या पाळ्या चार स्वतंत्र कामं म्हणून लिहिता आल्या, आणि वाचायलाही त्या सुरेख दिसत होत्या.

मग तोच प्रोग्रॅम व्हिडिओ कॉलवर मामेभावाला दाखवला. एक वेळ बदलायची होती, सहाची साडेपाच. त्यासाठी त्याच्या लॅपटॉपवर पूर्ण टूलचेन (प्रोग्रॅम बनवायची सगळी हत्यारं) उतरवावं लागणार, पहिल्या बिल्डला इंटरनेटवरून क्रेट, म्हणजे रस्टच्या लायब्ऱ्या, खेचावे लागणार, आणि गावातलं नेट तुम्हाला ठाऊक आहे. त्याने एक स्वल्पविराम चुकवला तेव्हा जो संदेश आला तो रस्टच्या परंपरेप्रमाणे सविस्तर आणि सभ्य होता. त्यातला ‘लाइफटाइम’ म्हणजे काय, हे समजावताना मला अर्धा तास लागला. स्वल्पविरामाचा आणि त्याचा काही संबंधही नव्हता.

नाकापेक्षा मोती जड. रस्ट माझ्या नोकरीतल्या कामासाठी, होय. इथे नाही.

६ जुलै, आषाढी

उपास आणि आराम. फक्त एक ओळ: पिको राहणार, उनो नाही. मायक्रोपायथनला किमान २५६ केबी फ्लॅश आणि १६ केबी रॅम लागते, तेव्हा उनो तसाही शर्यतीत नव्हता.

१३ जुलै

मायक्रोपायथन. डेमियन जॉर्ज यांनी २०१३ मध्ये लोकवर्गणीतून सुरू केलेलं. मायक्रोकंट्रोलरवर पायथन म्हणजे खेळणं, असं माझं मत होतं.

पिकोवरचं बटण दाबून यूएसबी लावली, पेनड्राइव्हसारखी खिडकी उघडली, फर्मवेअरची फाइल त्यात टाकली, झालं. आता बोर्डावर टाइप करता येतं. मामेभावाने त्याच्याकडच्या पिकोवर एका संध्याकाळी एलईडी लावला, मातीच्या साध्या सेन्सरचा आकडा वाचला, सेन्सर पाण्याच्या ग्लासात बुडवून आकडा बदलतो का ते पाहिलं. कंपाइल नाही, अपलोड नाही. “ताई, हे लगेच उत्तर देतं,” एवढंच म्हणाला. शेतात उभं राहून कुठली वायर ढिली आहे ते शोधताना ‘लगेच उत्तर’ ही चैन नाही, गरज आहे.

आता वजाबाजू, नीट.

हळू आहे. पिनची एक उघडझाप काही मायक्रोसेकंद घेते. आपल्या कामाला चालतं.

चुका उशिरा सापडतात. व्हेरिएबलच्या नावातलं एक अक्षर चुकलं तर ती ओळ चालेपर्यंत कळत नाही, आणि ‘लाईट गेली आणि व्हॉल्व्ह उघडा राहिला’ ही ओळ रात्री दोनलाच चालणार. सी आणि रस्ट हे टेबलावरच पकडतात. यावर दोन गोष्टी ठरवल्या. पाळ्यांचे आकडे वेगळ्या फाइलमध्ये. चालू होताना ते तपासायचे आणि वेडेवाकडे असतील तर जुनेच वापरायचे. आणि अडचणीची प्रत्येक वाट टेबलावर मुद्दाम चालवून बघायची, एकही न सोडता.

कचरा गोळा करणं. मेमरी भरत आली की प्रोग्रॅम काही मिलिसेकंद थांबतो आणि न लागणारे तुकडे मोकळे करतो. कधी थांबेल ते आपण ठरवत नाही. शिवाय हार्ड इंटरप्टमध्ये नवी मेमरी मागता येत नाही, म्हणजे यादी वाढवणं नाही, दशांश आकडा बनवणंही नाही.

खरी अडचण ही तिसरी. पुढची नोंद तिचीच.

२७ जुलै

आरएस-४८५. एकाच जोडवायरवर बोलायचंही आणि ऐकायचंही, म्हणून ट्रान्सीव्हरची (लाइनवर बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या चिपची) एक पिन दिशा ठरवते. प्रश्न पाठवताना ती वर, शेवटचा बिट वायरवर गेला की लगेच खाली. ९६०० बॉडला एक अक्षर साधारण एक मिलिसेकंदाचं. मॉडबसचा नियम असा की सेन्सरने उत्तराआधी निदान साडेतीन अक्षरांची शांतता पाळायची, म्हणजे चारेक मिलिसेकंद. तेवढ्यात आपली पिन खाली आली पाहिजे. उशीर झाला तर उत्तराची सुरुवात आपल्याच आवाजात बुडते आणि चेकसम, म्हणजे उत्तराच्या शेवटचा पडताळणीचा आकडा, जुळत नाही.

नेमकी याच चार मिलिसेकंदांत कचरागाडी आली तर?

वायरवरचे बिट दाखवणारा लॉजिक ॲनलायझर लावून मुद्दाम आणली. मेमरी भरत ठेवणारा एक निरुद्योगी लूप शेजारी चालवला. बहुतेक वेळा काही होत नाही, मग अचानक एक उत्तर फाटकं येतं. शेतात हे घडलं असतं तर वायर, टर्मिनेशन, सेन्सर असं सगळं बदलून झाल्यावर संशय भाषेवर आला असता.

उपाय अगदीच साधा निघाला: प्रश्न पाठवण्याच्या आधी आपणच मेमरी साफ करून घ्यायची. अक्षरं साठवायची जागा, म्हणजे सगळा बफर, सुरुवातीलाच राखून ठेवायचा आणि पाठवणं-ऐकणं संपेपर्यंत नवीन काहीच बनवायचं नाही. मग तोच निरुद्योगी लूप चालू ठेवून रात्रभर विचारत बसले. फाटकं उत्तर आलं नाही. तरीही प्रत्येक प्रश्न तीनदा विचारायची मुभा ठेवली आहे. मोटार सुरू होताना लाइनवर काय-काय येतं ते लॉजिक ॲनलायझरला पुण्यात दिसत नाही.

१० ऑगस्ट, निफाड

काल राखीपौर्णिमा, म्हणून इकडे. मामेभावाला समोर बसवून व्हॉल्व्हचं काम केलं.

व्हॉल्व्हला ८० मिलिसेकंदांची पल्स. पायथनमध्ये सरळ लिहायचं तर पिन वर, थांबा, पिन खाली. ‘थांबा’च्या मध्ये काहीही फसलं, चूक होऊन प्रोग्रॅम कोसळला, केबल ओढली गेली, तर पिन वरच. सीमध्येही तसंच लिहिलं तर हेच होईल, हे मित्राला कळवायला हवं.

आरपी२०४० मध्ये पीआयओ नावाची सोय आहे: दोन ठोकळे, प्रत्येकात चार छोटी यंत्रं आणि बत्तीस सूचनांची जागा. मुख्य प्रोसेसर काय करतोय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांची असेंब्ली नऊ सूचनांची. प्रत्येक सूचनेमागे एकतीस टिकांपर्यंत थांबा लावता येतो. यंत्राला २००० हर्ट्झ दिले तर एक टिक अर्ध्या मिलिसेकंदाची, थांब्यासकट एक सूचना सोळा मिलिसेकंदांची, अशा पाच म्हणजे ८०. नंतर पिन खाली, आणि पुढच्या हुकमाची वाट.

पायथन फक्त हुकूम सोडतो. हुकूम सुटल्यावर पायथन मेला तरी पल्स ८० मिलिसेकंदांनी संपतेच. दोन्ही दिशांना, कॉइल जोडून, पल्सच्या मधोमध प्रोग्रॅम मारून पाहिला: पिन वेळेवर खाली. वॉचडॉगने, म्हणजे प्रोग्रॅम अडकलाय का यावर नजर ठेवणाऱ्या टायमरने, चिप नव्याने सुरू केली तर पिना इनपुट होतात आणि आतल्या पुलडाउनने खाली राहतात, म्हणजे कॉइलला सुलट-उलट करंट देणारा एच-ब्रिज बंद.

मजा पुढे. मायक्रोपायथनमध्ये पीआयओची असेंब्ली पायथनच्याच फाइलमध्ये लिहितात. मी समजावायला सुरुवात केली, तर मामेभावाने कागद ओढून घेतला आणि सूचना स्वतः मोजल्या. “ताई, ८०५१ पेक्षा हे सोपं आहे. इथे टायमरचा रजिस्टरपण लोड करायचा नाही.” ७ जूनला मी असेंब्ली एका ओळीत बाद केली होती. सहा-सात सूचनांपुरती ती आत आली, आणि ती वाचू शकणारा माणूस जागेवरच होता.

मामा मागून बघत होता. त्याचा प्रश्न एकच: “लाईट रात्रीची आली तर मला उठावं लागंल का?” नाही, मामा.

३१ ऑगस्ट

खताच्या मीटरची मोजणी. साधा उपाय इंटरप्ट. सेकंदाला १५० पल्स मायक्रोपायथन आरामात झेलतो. टेबलावर हव्या तेवढ्या पल्स देणाऱ्या फंक्शन जनरेटरने तासभर चालवलं, आकडा जुळला. मग दर मिनिटाला नोंद फाइलमध्ये लिहायला लावली, आणि आकडा थोडा-थोडा मागे पडायला लागला.

कारण भाषेत नाही, चिपच्या रचनेत आहे. आरपी२०४० चा प्रोग्रॅम बाहेरच्या फ्लॅशमधून थेट चालतो, आणि आपली फाइलही त्याच फ्लॅशमध्ये. लिहिण्याआधी ४ केबीचा एक तुकडा पुसावा लागतो. त्याला पंचेचाळीसेक मिलिसेकंद सहज लागतात, चिप जुनी झाली की त्याहून जास्त. तेवढा वेळ फ्लॅश वाचता येत नाही, म्हणून इंटरप्ट बंद. ४५ मिलिसेकंदांत सहा-सात पल्स होऊन जातात.

मित्राला फोन केला. तो म्हणाला, सीमध्येही हेच होणार. इंटरप्टचा कोड रॅममध्ये ठेवला आणि तो फ्लॅशकडे ढुंकूनही बघत नाही याची खात्री केली तरच सुटका. रस्टमध्येही तेच. म्हणजे भाषा बदलून हा प्रश्न सुटलाच नसता. उलट ‘पायथन हळू, म्हणून पल्स हुकतात’ असा निष्कर्ष काढून मी आठवडाभर सगळं सीमध्ये लिहीत बसले असते आणि पल्स तशाच हुकल्या असत्या.

मोजणी पीआयओकडे दिली. पिन खाली जाण्याची वाट बघ, वर येण्याची वाट बघ, आकडा एकने घटव, परत पहिल्यापासून. फ्लॅश पुसली जात असतानाही ते यंत्र मोजत राहतं. पायथनने मागितला की आकडा देतं. आता फाइल लिहूनही आकडा जुळतो. मुख्य मीटरलाही तेच यंत्र लावलं, फक्त रीड स्विचच्या थरथरीसाठी एक रेझिस्टर-कपॅसिटर आधी जोडला.

लिहिणंही कमी केलं: दर मिनिटाऐवजी पाळी बदलताना आणि लाईट जाताना. मायक्रोपायथनची लिटलएफएस फाइल सिस्टिम मध्येच वीज गेली तरी टिकेल अशीच बांधलेली आहे, पण फ्लॅशच्या आयुष्याचा विचार आपण करायचा. वॉचडॉगला इथे जास्तीत जास्त ८३८८ मिलिसेकंद देता येतात. चारही सेन्सर तीन-तीनदा विचारूनही त्यात बसतो. बसत नसतं तर मध्ये त्याला थोपटावं लागलं असतं.

१४ सप्टेंबर

पानांच्या ओलाव्याचा छोटा नोड, म्हणजे सेन्सरचा सुटा डबा. पान किती वेळ ओलं राहिलं यावर डाऊनी या द्राक्षाच्या रोगाचा अंदाज बांधायचा, त्यामुळे मामाला यात पाण्याच्या पाळ्यांपेक्षाही जास्त रस. तो वेलींच्या मांडवात टांगायचा, दोन एए सेलवर, आणि बॉक्सशी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना मोकळ्या पट्ट्यात बोलवायचं.

इथे पायथन नको. पिको बोर्ड गाढ झोपवला तरी मिलिअँपिअरच्या आसपास खातो. दोन हजार मिलिअँपिअर-तासांचे सेल हंगाम संपायच्या आत संपतील. सुटी एटमेगा३२८पी, आतल्याच ८ मेगाहर्ट्झवर, वॉचडॉग टायमर चालू ठेवून झोपवली तर काही मायक्रोअँपिअर. मग सेल रेडिओमुळे आणि वयामुळे संपतात, चिपमुळे नाही.

म्हणून हा नोड साध्या सीमध्ये. जागं हो, वाच, पाठव, झोप. प्रोग्रॅम दोन पानांत मावतो, त्यात इंटरप्ट आणि मुख्य भाग यांच्यात वाटून घेतलेला आकडा एकही नाही, स्ट्रिंग नाहीत, आणि मामेभावाला त्यात बदलायचं काही नाही. बिघडला तर अख्खा नोड बदलायचा. तयार दोन करून ठेवले आहेत. मित्राला सांगितलं, सी आली बरं का. त्याचं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

नावांचं एक ठरलं: दोन्हीकडे व्हेरिएबलची नावं रोमन लिपीत पण मराठी. ‘पाळी’, ‘प्लॉट’, ‘झडप_उघड’. शेरे देवनागरीत. मित्राच्या कंपनीत हे चाललं नसतं.

२८ सप्टेंबर, निफाड

पाऊस थांबत नाही, छाटणी पुढे गेली. बॉक्स मात्र मोटारघराच्या भिंतीवर चढला. पाणी द्यायची गरजच नाही, म्हणून व्हॉल्व्ह कोरडेच उघडबंद करून पाहिले. चारही आवाज देतात.

मामेभावाने काल मला न विचारता दोन बदल केले. पाळीच्या मध्ये लाईट गेली तर परत आल्यावर तीच पाळी उरलेल्या लिटरांपासून पुढे चालू. आणि खत सोडल्यावर शेवटची काही मिनिटं नुसतं पाणी, ठिबकाच्या लॅटरल नळ्या धुवायला. दुसरा बदल माझ्या यादीतही नव्हता. फाइल वाचली: एका ठिकाणी वेळ मिनिटांत, दुसरीकडे सेकंदांत. त्याला दाखवलं, त्याने तिथेच बसून सुधारलं, बॉक्सचं झाकण उघडं ठेवून, एका हातात छत्री.

राहिलेलं काम:

केबल ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते ते बूच) खालच्या बाजूला फिरवणे, वरून पाणी उतरतंय.

स्टार्टरजवळची आरएस-४८५ ची वायर वेगळ्या पाइपातून नेणे. मोटार सुरू होताना एखादं उत्तर फाटतं, दुसऱ्या प्रयत्नात येतं.

दुसऱ्या पिकोवर त्याच फाइली उतरवून तो मामीच्या कपाटात ठेवणे. कसा बदलायचा ते मामेभावाने मला नाही, मामाला शिकवणे.

पानांचे नोड छाटणीनंतर, मांडवावर पालवी आल्यावर.